रसिक आणि पाठीराखा

मराठीत 'रसिक' ह्या शब्दाला मोठा मान आहे. गाण्याच्या बैठकीत तो पुढच्या रांगेत बसतो, नाटकाच्या जाहिरातीत त्याला मायबाप म्हणतात, आणि दिवाळी अंकाचे संपादक तर वर्षभर त्याचीच वाट पाहत असतात. 'पाठीराखा' हा शब्द त्या मानाने मागे पडलेला. तो आपण एक तर विठोबाला लावतो, नाहीतर निवडणुकीतल्या उमेदवारामागे हिंडणाऱ्या मंडळींना. खेळाच्या संदर्भात तो वर्तमानपत्रात आलाच तर बहुधा 'पाठीराख्यांनी गोंधळ घातला' ह्या वाक्यात येतो.

वास्तविक ही दोन निराळ्या वृत्तीची माणसे आहेत, आणि समीक्षकाने दखल घ्यावी इतका मोठा हा फरक आहे. रसिक निवड करतो. त्याला उत्तम ते हवे असते आणि ते कुठेही मिळाले तरी चालते. आज ह्या गवयाकडे, उद्या त्या गवयाकडे. पाठीराख्याला निवड अशी नसतेच. त्याचा संघ त्याला आडनावासारखा मिळालेला असतो. ते आडनाव ऐकून लोक हसले तरी बदलता येत नाही. फार तर सही करताना थोडे गिचमिड करता येते.

माझे म्हणणे असे की, क्रिकेटविषयी मराठीत जे लेखन झाले, आणि ते पुष्कळ व चांगले झाले, ते जवळजवळ सगळे रसिकांचे आहे. पाठीराख्याचे लेखन आपल्याकडे व्हावयाचे आहे.

हे म्हणणारा मी नेर परसोपंतचा. यवतमाळहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावर हे तालुक्याचे गाव लागते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, व्यवसाय मास्तरकीचा, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या. आयुष्यात एकदाही चेंडू सीमेपार टोलविल्याचे आठवत नाही. परंतु विदर्भाच्या रणजी संघाचा मी गेली तीस वर्षे पाठीराखा आहे. ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच.

आधी ऋण मानले पाहिजे. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत धावते समालोचन करून दाखविले, तेव्हा इंग्रजांचा हा खेळ मराठी बोलू शकतो हे घरोघर पटले. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाला हक्काचे पान मिळवून दिले. पुढे शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी ह्या दोघांनी क्रिकेटवर असे काही लिहिले की, जिने कधी बॅट पाहिली नव्हती ती माझी आईसुद्धा ते चष्मा लावून वाची. कणेकरांची लेखणी टोमणा मारता मारता डोळे पुसणारी. संझगिरींची उपमांनी लगडलेली, एका चेंडूसाठी तीन उपमा सहज खर्च करणारी. पेशाने ते मुंबई महापालिकेत अभियंता. परंतु लेखनात त्यांनी कधी सिमेंट येऊ दिले नाही. २०२३ च्या जुलैत कणेकर गेले, २०२५ च्या फेब्रुवारीत संझगिरी गेले, आणि मराठी क्रिकेटलेखनातली एक बैठक उठली.

ह्या दोघांचे लेखन पुन्हा वाचताना मात्र एक गोष्ट ध्यानात येते. त्यात खेळाडू हा नटश्रेष्ठ असतो आणि लेखक पहिल्या रांगेतला प्रेक्षक. गावसकर, विश्वनाथ, सोबर्स, रिचर्ड्स, तेंडुलकर. ही सगळी नावे निवडीची आहेत, जगाच्या बाजारातून वेचून आणलेली. दाद द्यावी तर अशांनाच. पण दुपारी तीन वाजता, सामना हातचा गेल्यावरही, डबा उघडून मैदानाच्या कडेला बसून राहणारा जो माणूस असतो, तो ह्या लेखनात मला क्वचितच भेटतो. तो का बसून राहिला आहे, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. ज्या शहराच्या संघाने बेचाळीस वेळा रणजी करंडक जिंकला, त्या शहरातल्या लेखकाला हरण्याच्या वाङ्मयाची गरज काय? मुंबईकराच्या लेखनात हार येते ती अपघातासारखी, कुणाच्या तरी चुकीने झालेली आणि लगेच निस्तरावयाची. आमच्याकडे ती ऋतूसारखी येई. थंडी पडली, तुरीला शेंगा धरल्या, विदर्भ हरला.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडी वंशावळ सांगतो. महाराष्ट्र राज्य एक असले तरी रणजी करंडकात त्याचे संघ तीन आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. १९३४-३५ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हा आमच्या भागाचा संघ 'मध्य प्रांत व वऱ्हाड' ह्या नावाने खेळे. राज्यपुनर्रचनेनंतर, १९५७-५८ च्या हंगामापासून, 'विदर्भ' ह्या नावाचा संघ मैदानात उतरू लागला. नागपूरची राजधानी गेली, आम्ही मुंबईच्या राज्यात आलो. क्रिकेटच्या कारभारात मात्र विदर्भ आजही मध्य विभागात मोडतो. घर एका गावात आणि रेशनकार्ड दुसऱ्या गावात, असा हा प्रकार आहे.

त्याहून जुनी गोष्ट कर्नल सी. के. नायडूंची. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. जन्म १८९५ सालचा, नागपूरचा. पण होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला नेले, आणि नायडूंच्या त्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ ह्या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला. म्हणजे आमचे पहिले रत्न दुसऱ्याच्या मुकुटात. ह्या गोष्टीचा पुढे उपयोग होणार आहे, म्हणून सांगून ठेवली.

२००२-०३ पासून स्पर्धेत दोन वर्ग झाले. वरचा 'एलिट', खालचा 'प्लेट'. विदर्भाची त्यानंतरची बरीच वर्षे ह्या प्लेटमध्ये गेली. हा शब्द आमच्याकडे हॉटेलात चालतो. एक प्लेट भजी, एक प्लेट आलुबोंडा. भर पंगतीत ज्याला ताट मिळत नाही त्याच्या हातात प्लेट देतात आणि कोपऱ्यात उभे करतात. नाव ठेवणाऱ्याला एवढे सगळे ठाऊक नसणार; पण नाव बसले ते नेमके.

नेरमध्ये त्या दिवसांत विदर्भाचा निकाल विचारणारा माझ्याखेरीज एकच माणूस होता, आणि तोही थट्टेने विचारी. सलूनवाला पेपरची घडी माझ्या हाती देत म्हणे, "काय गुर्जी, आपल्या पोट्ट्याइनं काय केलं?"

"हारले."

"मंग नवीन काय झालं?" असे म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावू लागे.

थट्टा करतानाही तो 'आपल्या' म्हणे. मुंबईच्या संघाविषयी त्याला आदर होता, पण त्यांना तो 'आपले' म्हटल्याचे मी ऐकले नाही. माझ्या ह्या लेखाचा सगळा विषय त्याच्या त्या एका शब्दात आहे.

दूरच्या पाठीराख्याच्या वाट्याला खेळ येतो तो धावफलकाच्या रूपाने. नागपूरची वर्तमानपत्रे बारीक टाइपात का होईना, विदर्भाचा धावफलक छापीत. रसिकाला धावफलकात रस नसतो. त्याला फटक्याचा डौल हवा, मनगटाची लय हवी, आणि ती काही आकड्यांत सापडत नाही. मला तो नेहमी सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा वाटत आला आहे. तिऱ्हाइताला त्यात आकडे दिसतात; ज्याचे शेत त्यात आहे त्याला बांध दिसतो, बांधावरचे भांडण दिसते, विहीर कुणाच्या वाट्याला गेली ते दिसते. 'पायचीत गो. अमुक ०' ह्या ओळीत एका पोराच्या घरची संध्याकाळ असते. आपल्या समीक्षकांनी अभंगापासून जाहिरातीपर्यंत सगळ्याची चिकित्सा केली. ह्या वाङ्मयप्रकाराकडे कुणी पाहिले नाही.

एक धावफलक वाचूनच दाखवितो. डिसेंबर २०१७, रणजीची उपांत्य फेरी, कोलकात्याचे ईडन गार्डन्स, समोर कर्नाटक. विदर्भाचा पहिला डाव १८५; अभिमन्यू मिथुनचे पाच बळी. कर्नाटक ३०१, आणि त्यात एकट्या करुण नायरच्या १५३. ह्या नायरला वाचकांनी ध्यानात ठेवावे. म्हणजे ११६ धावांची पिछाडी. साठ वर्षांचा अनुभव असा की, इथे पेपर मिटावा आणि तुरीकडे पाहावे. पण दुसऱ्या डावात विदर्भाच्या ३१३ होतात, आणि सर्वांत अधिक, ८१, गणेश सतीशच्या. हा गणेश सतीश मूळचा कर्नाटकाचा. आधी त्यांच्याकडून खेळून मग आमच्याकडे आलेला. धावफलकात ही गोष्ट लिहिलेली नसते. त्यात फक्त ८१ असतात. पण ज्याला ठाऊक आहे त्याला त्या आकड्यामागे एक माणूस आपल्या जुन्या घराच्या दारात उभा राहून कडी वाजवताना दिसतो.

कर्नाटकाला हव्या होत्या १९८. चौथ्या दिवसअखेर ७ बाद १११. पाचव्या दिवशी सकाळी ८७ धावा आणि तीन गडी. विदर्भाचा पाठीराखा अशा वेळी काय करतो? तो हरण्याची तयारी करतो. सवयीचे काम, हात आपोआप चालतात. विनयकुमार आणि मिथुन ह्यांनी तशी वेळ आणलीही. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी मोबाइल उघडला तेव्हा निकाल लागलेला होता : कर्नाटक सर्वबाद १९२. विदर्भ पाच धावांनी विजयी. रजनीश गुरबाणी पहिल्या डावात ९४ धावांत ५, दुसऱ्यात ६८ धावांत ७.

पाच धावा म्हणजे एक चौकार आणि एक चोरटी धाव. दुसऱ्या दिवशी पेपर आल्यावर त्या पाच धावा कुठे वाचल्या ते शोधण्याचा उद्योग मी आणि माझे एक सहशिक्षक असे दोघांनी मिळून केला. कुणाच्या कोणत्या डावात, कुणाच्या नवव्या क्रमांकावरच्या चिवटपणात, कोणत्या षटकात एकही धाव न देण्यात. शेवट माहीत असून पुन्हा वाचावीशी वाटणे ही चांगल्या कादंबरीची खूण मानतात. माझ्या कादंबऱ्यांविषयी मला तशी खात्री देता येणार नाही; त्या धावफलकाविषयी देतो.

अंतिम सामना इंदूरला झाला, होळकर स्टेडियमवर. जिथे नायडू गेले त्याच गावी. समोर दिल्ली. गुरबाणीने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले आणि पहिल्या डावात ५९ धावांत ६ बळी घेतले. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने प्रथम श्रेणीतले आपले पहिले शतक काढले, १३३. त्याच्या जोडीला आदित्य सरवटेच्या ७९. ह्या ७९ धावाही वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. १ जानेवारी २०१८ रोजी, चौथ्याच दिवशी, विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. साठ वर्षांत पहिल्यांदा.

त्या विजयावर जे लिहिले गेले, त्यात 'परिकथा' हा शब्द फार आला. मला तो खटकतो. परिकथेत आदल्या दिवसाचा हिशेब नसतो. भोपळ्याची गाडी होते ती छडीने होते. इथे छडी कुणी फिरविली नव्हती. फैज फजल कर्णधार होता, आणि तो २००३ पासून विदर्भाकडून खेळत आला होता. नागपूरचाच हा सलामीवीर. २०१६ साली हरारेला भारताकडून एक एकदिवसीय सामना खेळला, त्यात नाबाद ५५ धावा केल्या, आणि पुन्हा कधी त्याला भारताकडून बोलावणे आले नाही. तो परत आला आणि विदर्भाच्या डावाची सुरुवात करू लागला. २०२४ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाला तोवर करीत राहिला. रसिकाच्या वहीत फैज फजलचे नाव सापडणार नाही. तिथे त्याचा एक सामना आहे आणि पुढे कोरे पान. आमच्या वहीत ते पान भरलेले आहे. परिकथा म्हणताच ही एकवीस वर्षे पुसली जातात, म्हणून त्या शब्दाला माझा विरोध.

आता आक्षेपाकडे येतो, कारण तो खरा आहे आणि हसून टाळता येण्यासारखा नाही. आक्षेप असा की, हा संघ तुमचा कसा? वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकाचा, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. जाफर तर मुंबईकडून आठ वेळा रणजी विजेता ठरलेला. विदर्भाकडून आणखी दोनदा ठरला, आणि २०१८-१९ च्या हंगामात चाळिशी उलटली असता त्याने १०३७ धावा काढल्या. माझे तेच सहशिक्षक एकदा म्हणाले, "गुरुजी, हा तर उसना भाजीपाला. शिजवला आपल्या चुलीवर म्हणून आपल्या शेतातला झाला काय?"

मी ह्या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला. कादंबरीकाराला हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने पडतो. आपली पात्रे आपल्या मुठीत असतात. नायकाने उद्या उठून शेजारच्या कादंबरीत जावे असे होत नाही. संघाच्या बाबतीत ते सारखे होते. ईडन गार्डन्सवर आमच्याविरुद्ध १५३ काढणारा करुण नायर, ज्याने २०१६ साली कसोटीत त्रिशतक केले होते, तो २०२३ साली विदर्भाकडे आला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून आमच्याविरुद्ध १४५ काढणारा ध्रुव शोरे, तोही त्याच वर्षी विदर्भाकडे आला. ज्या दोघांनी त्या हंगामात आम्हांला सर्वांत अधिक पिडले, ते दोघेही आमच्या घरी जावई झाले. घरजावयाविषयी आमच्याकडे चार म्हणी आहेत आणि चारही वाईट आहेत. पण भल्या पहाटे उठून जो बैल जुंपतो त्याला सासुरवाडीत कुणी परका म्हणत नाही, हेही आमच्याकडचेच.

घरचे म्हणावयाचे तर आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून गेलेला अक्षय कर्णेवार आहे. हा दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. डावखुऱ्या फलंदाजाला एका हाताने, उजव्याला दुसऱ्या. २०१९ च्या इराणी करंडकात त्याने खालच्या क्रमांकावर येऊन १०२ धावा काढल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात, मणिपूरविरुद्धच्या वीस षटकांच्या सामन्यात, त्याच्या नावापुढे आकडे पडले ते असे : चार षटके, चारही निर्धाव, शून्य धावा, दोन बळी. पुरुषांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये तोवर कुणी हे केले नव्हते. त्या दिवशी सलूनवाल्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. आणि कर्णेवारच्या त्या आकड्यांनी त्याला जितका आनंद झाला, तितकाच त्याला गुरबाणीच्या सात बळींनीही झाला होता; कोण कुठला ह्याची वाटणी त्याने कधी केली नाही. वाटणी करणारे आम्हीच, लिहिणारे-वाचणारे.

येणाऱ्यांची कथा अशी, तशी जाणाऱ्यांचीही आहे. अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ साली बडोद्याकडे गेला. नायर विदर्भाच्या धावांच्या जोरावर २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा भारताच्या कसोटी संघात पोचला आणि पुढच्या हंगामासाठी कर्नाटकाकडे परतला. आणि आदित्य सरवटे, आमचा, नागपूरचा, २०१९ च्या अंतिम सामन्यात जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राचे अकरा बळी घेणारा, चेतेश्वर पुजाराला एका डावात १ आणि दुसऱ्यात ० वर परत धाडणारा सरवटे, २०२४ साली केरळाकडे गेला.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, चेंडूफळीचाच चुलतभाऊ. तिकडे मोठ्या शहरांच्या संघांच्या हाताखाली लहान गावांचे संघ असतात. गावच्या संघातल्या खेळाडूंचा पगार मोठा संघ देतो, आणि एखादा चांगला निघाला की ऐन हंगामात त्याला वर उचलून नेतो. गावकरी टाळ्या वाजवून निरोप देतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी आलेल्या नव्या पोराचे नाव पाठ करू लागतात. ह्या व्यवस्थेला त्यांनी जो शब्द योजला आहे तो 'फार्म', म्हणजे शेत. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. बोंड इथले, गिरणी दुसरीकडची. डरहॅम गावच्या 'बुल्स' नावाच्या अशाच एका संघावर १९८८ साली 'बुल डरहॅम' हा चित्रपट निघाला, आणि त्यात नायक आहे तो वर जाणारा पोरगा नव्हे, खालीच राहिलेला मुरब्बी खेळाडू. २०२१ साली मोठ्या मंडळींनी हिशेब करून ह्या लहान संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. चाळीसेक गावांचे त्या साखळीशी असलेले नाते एका कागदावरच्या सहीने तुटले. त्या गावांत सलूने असतीलच, आणि तिथे सकाळी कुणीतरी कुणाला काही विचारीत असेल.

आमचा संघ काही कुणाच्या हाताखालचा नाही, हा फरक मोठा आहे. पण खेळाडू येतात, जातात, आणि बसून राहणारा बसून राहतो, एवढे दोन्हीकडे सारखे. क्रिकेटवरच्या मराठी लेखनाने सारा वेळ येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहिले, म्हणून त्याला संघ ही वस्तू कधी दिसली नाही, असे माझे मत झाले आहे. अकरा खेळाडूंचा संघ होतो हे गणितात ठीक आहे. एका मोसमातले अकरा पुढच्या पाच मोसमांत पांगतात. तरी सलूनवाला विचारतो 'आपल्या पोट्ट्याइनं काय केलं' आणि मला ते कुणाविषयी आहे हे लगेच कळते. मग तो 'आपल्या' कशाला चिकटलेला आहे? मातीला म्हणावे तर जाफरची माती निराळी. नावाला म्हणावे तर नाव १९५७ सालचे. माझ्यापुरते उत्तर असे की, तो विचारण्याच्या सवयीला चिकटलेला आहे. रोज सकाळी कुणीतरी विचारतो म्हणून संघ आहे. हे उत्तर कुणाला पोकळ वाटेल. मला ते पंढरीच्या वाटेइतके भरीव वाटते.

ह्या उत्तराची कसोटी लागली ती २०२५ च्या अंतिम सामन्यात. जामठ्याला, विदर्भ आणि केरळ. त्या आधी उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवून आम्ही वर्षापूर्वीच्या वानखेडेवरच्या पराभवाची परतफेड केलेली होती, त्यामुळे नेरमध्येही दोन-चार नवे पाठीराखे उगवले होते. विदर्भ ३७९, दानिश मालेवार १५३, नायर ८६. केरळाचा डाव सुरू झाला आणि त्यांच्या बाजूने जो खेळपट्टीवर ठाण मांडून बसला तो सरवटे. इंदूरला आमच्यासाठी त्याने ७९ काढल्या होत्या. इथे, आपल्या जुन्या मैदानावर, आमच्याविरुद्ध त्याने काढल्या तेवढ्याच : ७९. कादंबरीत असे लिहिले असते तर संपादकांनी खूण करून परत पाठविले असते. हर्ष दुबेने त्याला बाद केले. त्या हंगामात दुबेचे बळी झाले ६९, रणजीच्या एका हंगामातला तो विक्रम. कर्णधार सचिन बेबी ९८ वर गेला, आणि केरळ ३४२ वर आटोपले. आघाडी ३७ धावांची.

शेवटच्या दिवशी, २ मार्चला, रविवार होता. सहशिक्षकांना घेऊन मी पहाटेच्या एस. टी.ने निघालो. वर्ध्याकडून येणाऱ्याला जामठा आधी लागते आणि नागपूर नंतर. ह्या एका बाबतीत आम्ही नागपूरकरांहून मैदानाला जवळ. आम्ही पोचलो तेव्हा नायर दुसऱ्या डावातले शतक पुरे करून खेळत होता, आणि गोलंदाजीला सरवटे होता.

आता त्या दिवसाच्या धावफलकातली एकच ओळ देतो. 'करुण नायर यष्टिचीत अझरुद्दीन गो. सरवटे १३५.' एके काळी आमच्यावर दीडशतक ठोकून गेलेला कर्नाटकाचा माणूस विदर्भासाठी खेळत असता, एके काळी आम्हांला करंडक मिळवून दिलेल्या नागपूरच्या माणसाने केरळासाठी त्याला बाद केले, आणि तेही नागपूरच्या मैदानावर. ज्यांना साहित्यातला गुंता आवडतो त्यांनी ह्या ओळीवर प्रबंध लिहावा. पुढे विदर्भाच्या ९ बाद ३७५ झाल्या, सामना अनिर्णित राहिला, आणि त्या ३७ धावांच्या जोरावर करंडक तिसऱ्यांदा आमच्याकडे आला.

नायर बाद झाला तेव्हा आमच्या पुढच्या बाकावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. डोक्याला टॉवेल, मांडीवर भाकरीचे फडके. नायर पॅव्हिलियनकडे चालू लागला तसा तो उठून उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजविल्या. मग खाली बसून, सरवटेकडे हात करून, शेजारच्याला म्हणाला, "पायलं ना, आपल्याच पोट्ट्यानं काढला." शेजारच्याने विचारले, "आता तो आपला कायचा?" म्हाताऱ्याने त्याच्याकडे एकदा पाहिले, आणि फडके सोडून तो भाकरी खाऊ लागला.